काकांचा वारसा, पुतण्याची राखण

महाराष्ट्रात ‘काका-पुतण्या’ हा शब्द नुसता उच्चारला, तरी ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी उमटते. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांनी फोडलेला टाहो अजून आपल्या कानांतून गेलेला नाही. त्यानंतरही वाडे, शेती, पेढ्या आणि पक्ष यांच्या वाटण्यांत हे नाते इतक्या वेळा भरडले गेले, की काकांचे काही पुतण्याने जपले असे कोणी सांगितले तर चटकन विश्वास बसत नाही.

पण जयपुरात अशी एक गोष्ट घडली आहे. तिच्या जोडीला बसेल अशी दुसरी गोष्ट घडली ती थेट फ्रान्समध्ये, द्राक्षांच्या मळ्यात. दोन्ही घराणी जहागीरदारांची. दोघांच्याही नावाशी एकेक गोड मद्य जोडलेले. दोन्हीकडे काकांनी आयुष्य वेचून उभे केलेले काम सांभाळायला पुतण्या पुढे आला. शेवट मात्र दोन्हीकडे सारखा झाला नाही. का झाला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण वाटण्या काही फक्त राजवाड्यांतच होत नाहीत.

तटाबाहेरचा बंगला

जयपूरच्या गुलाबी तटाबाहेर, नारायणसिंह चौकाजवळ ‘नारायण निवास’ नावाची एक देखणी वास्तू आहे. १९२८ साली जनरल अमरसिंह यांनी ती बांधली आणि वडिलांचे नाव तिला दिले. तेव्हा हा भाग शहराबाहेरच्या बागेचा होता. आज भोवती शहर वाढले आहे आणि वास्तूचे हॉटेल झाले आहे.

अमरसिंह हे कानोट्याचे ठाकूर. कानोटा हे गाव जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे १५ किलोमीटरवर आहे. तिथे या घराण्याची गढी आहे. आपण ज्याला जहागीर म्हणतो, त्याला राजस्थानात ‘ठिकाणा’ म्हणतात. जयपूर संस्थानात असे लहानमोठे अनेक ठिकाणे होते. प्रत्येकाचा झेंडा, प्रत्येकाची गढी, प्रत्येकाचा मान वेगळा. आणि पुष्कळ ठिकाण्यांचे आपापले मद्यही वेगळे!

कानोट्याच्या मद्याचे नाव चंद्रहास. मराठी वाचकाला हा शब्द रामायणामुळे ठाऊक असतो. शंकराने रावणाला दिलेली तलवार ती चंद्रहास. चंद्राचे हसू असाही त्याचा अर्थ होतो. अनेक जडीबुटी आणि मसाल्यांचे हे मिश्रण. नावात तलवार आणि हसू दोन्ही आहेत, यात कोणाला योगायोग वाटेल. मद्याची ज्यांना जवळून ओळख आहे त्यांना वाटणार नाही.

दाख, गूळ आणि तांब्याचे भांडे

राजस्थानी लोकगीतांत मद्याचा उल्लेख येतो तो ‘दाख’ या शब्दासह. दाख म्हणजे द्राक्ष. वाळवंटात द्राक्षांचे मळे कुठून असणार? पण उत्तम मद्य द्राक्षाचे, ही कल्पना त्या गाण्यांतून टिकून राहिली. प्रत्यक्ष भट्टीवर मुख्य आधार असे तो गुळाचा. गूळ आणि बाभळीची साल पाण्यात आंबवायची, मग तांब्याच्या भांड्यातून मंद आचेवर तिचा अर्क काढायचा. घराणे जितके मातब्बर, तितका अर्कावरचा संस्कार मोठा. बडीशेप, वेलदोडा, गुलाब, केशर, सुका मेवा, खडीसाखर असे एकेक पदार्थ कोणत्या टप्प्याला आणि किती पडतात, हे घरातल्या मोजक्या माणसांनाच माहीत असे.

जोधपूरच्या राजघराण्याशी जोडलेले ‘केसर कस्तुरी’ हे या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध नाव. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाला अभय मिळाले. तेव्हापासून कस्तुरी उरली ती नावापुरती. शेखावाटीतल्या महनसर या ठिकाण्याची मद्येही अशीच गाजलेली. अठराव्या शतकात नवलगढच्या ठाकुरांच्या मुलाने, नाहरसिंह यांनी वसवलेले हे गाव. तिथल्या घराण्याने आपली जुनी नावे बाटलीवर छापून बाजारातही आणली.

हे मद्य तहान भागवायचे नव्हते. पाहुणा आला की त्याची ‘मनुहार’ करायची, म्हणजे आग्रह करकरून त्याला घ्यायला लावायचे. आपल्याकडे पंगतीत जिलबीचा आग्रह होतो तसा. लहानसा प्याला, गोड चव, आणि तो कोणाच्या हातून आला याला महत्त्व. यजमानाने काय पाजले, यावरून घराण्याची पत ठरे.

ही झाली देखणी बाजू. दुसरी बाजूही सांगायला हवी. याच आग्रहापायी कित्येक राजपूत घराणी कर्जात गेली. जनानखान्यातल्या बायकांनी त्याची किंमत मोजली, पण तिचा हिशेब कोणत्याही वहीत लिहिला गेला नाही. नाही म्हणायला एका घरात एक वही होती.

एकोणनव्वद वह्या

कानोट्याचे घराणे मूळचे मारवाडातले, चांपावत राठोड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते जयपूर दरबाराच्या सेवेत आले. तीन भावांना तीन ठिकाणे मिळाले : गोंधेर, नायला आणि कानोटा. नायल्याचे फतेहसिंह जयपूरचे मुख्य मंत्री झाले. पुढे महाराजा माधोसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत मात्र दरबाराची मर्जी फिरली. मर्जीतले घराणे संशयातले झाले.

१८७८ साली अमरसिंह जन्मले. त्यांना जोधपूरला सर प्रताप यांच्या हाताखाली पाठवण्यात आले. घोडा, पोलो, शिस्त आणि इंग्रजी हे सारे तिथले. विसाव्या वर्षी, १८९८ मध्ये, त्यांनी इंग्रजीत रोजनिशी लिहायला सुरुवात केली. ती थांबली १९४२ साली, त्यांच्या मृत्यूबरोबर. चव्वेचाळीस वर्षांत तिचे ८९ खंड झाले, एकेक सुमारे ८०० पानांचा!

या रोजनिशीत चीनमधल्या मोहिमेचे वर्णन आहे, कारण १९०० साली जोधपूर लान्सर्सबरोबर ते बॉक्सर बंडाच्या वेळी तिकडे गेले होते. लॉर्ड कर्झनच्या इंपीरियल कॅडेट कोअरमध्ये पहिल्या तुकडीत त्यांची निवड झाली, त्याचे वर्णन आहे. शिकार आहे, पोलो आहे, वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या आहेत. पण वाचकाला धरून ठेवतो तो त्यातला घरसंसार. जयपुरातल्या हवेलीत नोकरचाकर धरून शंभराच्या आसपास माणसे राहत. लग्न झालेल्या तरुणानेही दिवसा बायकोसमोर यायचे नाही, वडीलधाऱ्यांपुढे तिचे नाव काढायचे नाही. घरातली धुसफूस, रुसवे, मानापमान, मरणाघरचे रीतिरिवाज, लग्नातले खर्च हे सगळे अमरसिंहांनी लिहून ठेवले. त्यांचे गुरू रामनाथजी यांना ते वह्या वाचायला देत. गुरुजी समासात आपले शेरे लिहीत आणि शिष्य ते शेरे तसेच राहू देई.

राजेरजवाड्यांच्या दफ्तरांत खलिते असतात, सनदा असतात, जमाखर्च असतात. घर कसे चालते हे नसते. इथे ते होते. पण ते ८९ खंड म्हणजे कोणासाठी काय? जमीन विकता येते, दागिना मोडता येतो. काकांच्या वह्यांचे वारसाने करायचे काय?

हा प्रश्न पुढे मोहनसिंह या पुतण्यासमोर आला. त्याआधी फ्रान्समध्ये डोकवायला हवे, कारण स्वतः अमरसिंहही तिकडे जाऊन आले होते.

बुरशीतून आलेले सोने

पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणी फ्रान्सच्या आघाडीवर उतरल्या. अमरसिंह लाहोर डिव्हिजनच्या सरहिंद ब्रिगेडबरोबर होते. चिखल, खंदक आणि कडाक्याची थंडी यांत त्यांनी १९१५ साल काढले. रोजनिशी तिथेही चालूच होती.

त्याच फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, बोर्दो शहराच्या दक्षिणेला, सोतेर्न नावाचा मुलूख आहे. तिथल्या टेकडीवर ‘शातो दिकेम’ हा जुना वाडा आणि त्याभोवती द्राक्षांचा मळा. महायुद्धात त्या वाड्यात जखमी सैनिकांचे इस्पितळ होते. वाड्याचे मालक लूर-साल्यूस हे उमराव घराणे. त्यांचे गोड मद्य जगात पहिल्या नंबरचे मानले जाई, आजही मानले जाते.

हे मद्य होते कसे, ते ऐकले तर आपल्या नाशिकच्या बागायतदाराला घाम फुटेल. भुरी आणि डावणी या रोगांच्या भीतीने आपला शेतकरी रात्र रात्र जागतो. तिकडे मात्र शरद ऋतूत बुरशी यावी म्हणून देव पाण्यात घालून बसतात! सिरों नावाची गार पाण्याची लहान नदी गारोन या मोठ्या, उबदार नदीला मिळते. तिथे पहाटे धुके उठते. धुक्याने द्राक्षावर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. दुपारी ऊन पडले, की ती मणी सडवत नाही, सुकवते. सालीतून पाणी उडून जाते, साखर आणि वास आत साठून राहतात. दिसायला मणी किळसवाणा, राखाडी, सुरकुतलेला. पण आत मध.

सगळा घड एकदम तयार होत नाही. म्हणून तोडणारे एकाच वेलीकडे पाच-सहा वेळा परत येतात आणि फक्त तयार झालेले मणी वेचून नेतात. कधी दहा फेऱ्याही होतात. एवढे करून एका वेलीपासून मिळते काय? जेमतेम एक पेला. आणि पाऊस आला, धुके आले पण ऊन पडले नाही, तर तेही नाही. अशा वर्षी या मळ्याच्या नावाची एकही बाटली निघत नाही. १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४ ही अशी कोरी गेलेली वर्षे आहेत.

हा नियम कोणी लावला? घराण्याची कहाणी १५९३ पासून सुरू होते. त्या वर्षी झाक सोव्हाज या गृहस्थांना या जमिनीचे हक्क मिळाले. १७८५ मध्ये या वंशातल्या फ्रांस्वाझ जोसेफीन या मुलीचे लग्न लूर-साल्यूस घराण्यात झाले. तीनच वर्षांत, १७८८ साली, नवरा घोड्यावरून पडून गेला. विशीतली ही विधवा, पुढ्यात फ्रेंच राज्यक्रांती. क्रांतीच्या धामधुमीत तिला तुरुंगवासही घडला. उमरावांच्या मालमत्ता जप्त होत असताना तिने आपला मळा राखला आणि १८५१ मध्ये मरेपर्यंत सांभाळला. तयार झालेले मणीच वेचायचे, फेऱ्या कितीही होवोत, ही शिस्त तिच्या कारकिर्दीत पक्की झाली. तिच्या मागे चार वर्षांनी, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने बोर्दोच्या मद्यांची प्रतवारी झाली, तेव्हा गोड मद्यांत या मळ्यासाठी एक स्वतंत्र, सर्वांच्या वरची पायरी करावी लागली. अहिल्याबाईंची आठवण यावी असेच हे चरित्र आहे.

तिकडचा पुतण्या

१९१४ पासून या मळ्याची सूत्रे मार्की बर्त्रां यांच्याकडे होती. त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ कारभार केला. त्यांना मूलबाळ नव्हते. म्हणून १९६८ साली कारभार आला तो पुतण्याकडे, अलेक्सांद्र यांच्याकडे.

पुतण्याचे नशीब पाहा. १९७२ साली हवामानाने दगा दिला. एकही बाटली निघाली नाही. १९७४ ला पुन्हा तेच. हाताखालच्या माणसांचे पगार चुकत नाहीत, वेलींची छाटणी थांबत नाही, आणि विकायला माल नाही. कमी प्रतीचा रस भरून त्यावर घराण्याचे नाव चिकटवले असते, तर विकला गेला असता. अलेक्सांद्र यांनी ते केले नाही. काकांनी पाळलेला नियम त्यांनीही पाळला. पुढे चांगली वर्षे आली, जुनी प्रतिष्ठा दुप्पट झाली. १९९२ साली हवामान पुन्हा फिरले, तेव्हा त्यांनी तेही साल कोरे सोडले.

मग संकट आले ते आभाळातून नाही, घरातून. फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे मालमत्तेचे वाटे सर्व वारसांत होतात. पिढ्या गेल्या तसे वाटेकरी वाढले. मळा एकसंध होता, मालकीच्या मात्र चिंधड्या झाल्या होत्या. कारभार पाहणाऱ्या अलेक्सांद्र यांच्या स्वतःच्या नावावर फार थोडा हिस्सा होता. मोठा हिस्सा थोरल्या भावाकडे. इतरांना वर्षानुवर्षे फक्त मान मिळत होता, पैसा फारसा नाही. आपला वाटा आपल्याला रोख मिळावा असे त्यांना वाटले, तर त्यांनाही सरसकट दोष देता येत नाही.

१९९६ साली या वाटेकऱ्यांनी निम्म्याहून अधिक हिस्सा चैनीच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या एका बलाढ्य उद्योगसमूहाला विकायचे ठरवले. अलेक्सांद्र न्यायालयात गेले. भाऊ एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला. अडीच वर्षे भांडण चालले. १९९९ मध्ये तडजोड झाली. चारशे वर्षांनी मळा घराण्याच्या हातून गेला. कारभारी म्हणून अलेक्सांद्र २००४ पर्यंत राहिले आणि मग बाहेर पडले.

पण ते रिकामे बसले नाहीत. जवळच फार्ग नावाचा लूर-साल्यूस घराण्याचा आणखी जुना वाडा आणि लहानसा मळा होता, १४७२ पासूनचा. तिथे त्यांनी तसेच गोड मद्य, त्याच पद्धतीने करत राहण्याचे व्रत घेतले. २०२३ साली ते वारले. आता तो मळा त्यांचा मुलगा पाहतो. तिकडे इकेमच्या नव्या मालकांनीही २०१२ चे साल खराब गेले तेव्हा एकही बाटली काढली नाही. घराणे गेले, नियम राहिला.

इकडचा पुतण्या

आता पुन्हा जयपूर. १९४९ साली जयपूर संस्थान राजस्थानात विलीन झाले. १९५० च्या उत्पादन शुल्क कायद्याने परवान्याशिवाय मद्य गाळणे हा गुन्हा ठरला. गढ्यांतल्या भट्ट्या विझल्या. १९५२ च्या जहागिरी संपुष्टात आणणाऱ्या कायद्याने ठिकाण्यांच्या जमिनी गेल्या. कुळांच्या आणि रयतेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण गढीत राहणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर तीन वर्षांत राज्य, मद्य आणि जमीन तिन्ही गेले.

जुन्या मद्यांचे पुढे काय झाले? काही दशकांनी राजस्थान सरकारने ‘हेरिटेज मद्य’ असा वेगळा वर्ग केला. जुन्या घराण्यांच्या कृतींवरून चंद्रहास, केसर कस्तुरी, जगमोहन ही मद्ये सरकारी बाटलीत आली. ती करणारी कंपनी कोणती, तर गंगानगर शुगर मिल्स! १९४५ साली बिकानेर संस्थानात सुरू झालेला आणि १९५६ मध्ये राज्य सरकारच्या मालकीचा झालेला हा साखर कारखाना. साखर कारखाना आणि त्याच्या आवारातली मळीपासूनची डिस्टिलरी हे चित्र मराठी माणसाला नवे नाही. ठाकुरांच्या गढीतला मानाचा प्याला अशा रीतीने सरकारी दुकानाच्या फळीवर आला. तो आला म्हणून घराण्याचा मान वाढला, असे म्हणता येणार नाही. आणि बुडाला, असेही नाही.

त्याच राजस्थानात राजसमंद जिल्ह्यातल्या काछबली गावात २०१६ साली बायकांनी मतदान घडवून आणले आणि प्रचंड बहुमताने गावातले दारूचे दुकान बंद करायला लावले. आपल्याकडे ‘आडवी बाटली’साठी बायका रांगा लावून उभ्या राहिल्या, तसेच. तेव्हा मद्याची कृती हरवली की टिकली, यावर कोणी फार हळहळू नये. ज्या घरात प्याल्याला वारसा म्हणतात, त्या घरातल्या सुनेला कोणी विचारत नाही.

कानोट्याच्या घरात मात्र आणखी एक वारसा होता : ते ८९ खंड. वाळवी, ओल, उंदीर आणि उदासीनता यांनी हिंदुस्थानातली किती दफ्तरे खाल्ली, याला गणती नाही. रद्दीवाल्याला देऊनही मोकळे होता आले असते. मोहनसिंहांनी काकांच्या वह्या जपल्या. १९७१ साली शिकागो विद्यापीठाचे राज्यशास्त्रज्ञ सुझान आणि लॉइड रुडॉल्फ हे दांपत्य जयपुरात होते. त्यांना या रोजनिशीचा पत्ता लागला. पुतण्याने वह्या उघडून दिल्या.

हे सोपे नव्हते. वह्यांत शौर्य होते तसे घरातले रुसवे होते, दरबारातले अपमान होते, काका-काकूंचा खासगी संसार होता. अब्रू झाकण्यालाच जिथे घराणे म्हणतात, तिथे हे परक्यांपुढे ठेवायचे? मोहनसिंहांनी ते ठेवले, इतकेच नव्हे तर स्वतः वर्षानुवर्षे त्या कामात राबले. १८९८ ते १९०५ या पहिल्या सात वर्षांच्या नोंदींवरून निवडलेला मोठा ग्रंथ २००० साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. ‘रिव्हर्सिंग द गेझ’ हे त्याचे नाव. त्यावर रुडॉल्फ पती-पत्नींच्या बरोबरीने मोहनसिंह कानोटा यांचेही नाव आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदी माणसाविषयी लिहिलेली पुस्तके पुष्कळ आहेत. हिंदी माणूस इंग्रजाकडे आणि स्वतःच्या घराकडे रोज कसा पाहत होता, हे एवढ्या बारकाईने सांगणारे दुसरे पुस्तक सापडणे कठीण.

घराचेही त्यांनी तसेच केले. जहागीर गेल्यावर अनेकांनी वाडे विकले, कित्येकांचे पडके झाले. १९७८ साली नारायण निवासचे हॉटेल झाले. ज्या घरात पाहुण्याची मनुहार करणे हा मान होता, त्याच घरात पाहुणचार हा व्यवसाय झाला. जुन्या पिढीतल्या काहींना ते कमीपणाचे वाटले असेल. पण छप्पर टिकले, आणि ते छप्पर अजून त्याच घराण्याचे आहे.

राहते काय?

दोन्ही पुतणे प्रामाणिक होते, दोघेही कष्टाळू. मग एकाच्या हातून चारशे वर्षांची मालमत्ता का गेली आणि दुसऱ्याच्या हातात काकांचे काम का राहिले? अलेक्सांद्र यांच्याकडे जे होते त्याला बाजारात किंमत होती, म्हणून त्याचे वाटे पडले. मोहनसिंहांकडच्या वह्यांना किंमत नव्हती, म्हणून त्यांवर कोणी हक्क सांगितला नाही. ज्याचे पैसे होतात ते वाटले जाते. ज्याचे होत नाहीत ते कोणीतरी एकजण उचलतो, नाहीतर ते जाते.

फ्रान्समधल्या वाटेकऱ्यांनी पंधरा-वीस वर्षे आधी एकत्र बसून मोकळेपणाने बोलायला हवे होते : मळा चालवणाऱ्याचा हक्क किती, न चालवणाऱ्यांना उत्पन्न किती, आणि विकायचाच झाला तर आधी विचारायचे कोणाला. ते झाले नाही. वकिलांनी ते अडीच वर्षांत आणि भलत्याच खर्चात केले. आपल्याकडेही आई-वडील हयात असेपर्यंत हा विषय काढणे अशुभ मानतात. मग तेराव्याच्या दिवशी, पाने वाढली जात असताना, तो निघतो. तेव्हा बोलायला सगळे असतात, ऐकायला कोणी नसते.

आणि ज्याला किंमत नाही, त्याचे काय? प्रत्येक घरात असे काहीतरी असते. आजीने पाटा-वरवंट्याच्या काळात लिहून ठेवलेली काळ्या मसाल्याची मापे. आजोबांची पंचेचाळीस वर्षांची हिशेबाची वही, जिच्यात दुधाच्या रतिबापासून बहिणीच्या लग्नापर्यंत सगळे आहे. आत्याची पत्रे. घर बदलताना पहिल्यांदा रद्दीत जाते ते हेच. वाटणीच्या यादीत त्याचे नाव नसते, म्हणून भांडण नसते. भांडण नसते, म्हणून कोणाचे लक्ष नसते.

पुढच्या वेळी माळा साफ करताना अशी एखादी वही हाती आली, तर घरातल्या मुलांपैकी कोणाला ती वाचायची आहे का, एवढे विचारून पाहावे. कदाचित मुलगा किंवा मुलगी नाही म्हणेल. मग पुतण्याला, पुतणीला विचारावे.